लुत्सियाचा गहू आणि गारो

काता आत्या लग्न होऊन विंकोव्त्सीला गेली ते साल एकोणीसशे एकसष्ट. लग्न ऑक्टोबरात झालं, द्राक्षं उतरवून झाल्यावर, आणि तीन दिवस चाललं. पाहुणे पांगले, उसनी आणलेली बाकं ज्याची त्याला परत गेली, आणि मग कुठे मांदा आजीच्या लक्षात आलं की मुलीबरोबर घरातला गहू पेरणारा हातही गेला.

आमच्या बाजूला संत लुत्सियाच्या दिवशी, तेरा डिसेंबरला, ताटलीत गहू पेरतात. नाताळापर्यंत त्याची वीतभर उंच हिरवी गादी होते. तिला लाल फीत बांधायची, मधोमध मेणबत्ती रोवायची, आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ठेवायची. गहू दाट आणि हिरवा आला तर येणारं वर्ष चांगलं. विरळ आला तर जरा जपून राहायचं. मांदा आजीच्या घरात हा गहू घरातल्या बिनलग्नाच्या मुलीने पेरायचा, तिनेच तो टेबलावर आणायचा, आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, "हा माझ्या हातचा." काता अकरा वर्षं ते म्हणत आली होती. आता घरात बिनलग्नाची मुलगी एकच उरली. नात एवित्सा, वय नऊ.

"हिच्या हातून?" मांदा आजी म्हणाली. "हिच्या हातून काल दुधाची किटली सुटली."

"माझ्या हातून नाही सुटली, आजी. गारो पायात आला."

"गारो नेहमीच पायात येतो. तू त्याच्यावर पाय का देत नाहीस?"

गारो म्हणजे घरातला बोका. दोन वर्षांपूर्वी मळणीच्या वेळी एवित्साला तो पेंढ्यात सापडला होता, मुठीएवढा, आणि तिने त्याला एप्रनमधून घरी आणला होता. पावाच्या भट्टीच्या तोंडाशी झोपून झोपून तो काजळीसारखा काळा झाला होता. त्याच्या छातीवर पांढरा ठिपका आहे असं एवित्सा सांगायची, पण तो दिसायचा फक्त उन्हाळ्यात, भट्टी गार असताना.

बाकीच्या मांजरांना भूक लागली की ती चोरी करतात. गारोचं पोट भरलेलं असलं तरी त्याला काहीतरी करून बघायचं असे. रूझाने, म्हणजे एवित्साच्या आईने, पावाचं पीठ मळून फडक्याखाली ठेवलं की हा त्या उबदार गोळ्यावर जाऊन बसायचा. पाव भाजून निघाला की त्याच्या पाठीवर चार पंजांचे खळगे. मुलांचा बाप मातिया म्हणायचा, "निदान कुठल्या बाजूने कापायचा ते कळतं." संत निकोलाच्या दिवशी तर त्याने कमाल केली. मुलांनी आदल्या दिवशी खिडकीत बूट पुसून ठेवले होते, संताने त्यात अक्रोड आणि सफरचंदं टाकावीत म्हणून. सकाळी एवित्साच्या पाच वर्षांच्या भावाने, योझाने, बुटात हात घातला तर आतून ऊबदार, केसाळ काहीतरी हललं. योझा ओरडत घरभर पळाला, "संत निकोलाने मला मांजर दिलं! मला मांजर दिलं!"

"अरे, तो आपला गारो आहे," एवित्सा म्हणाली.

"नाही. आपला गारो वेगळा. हा स्वर्गातून आलाय. बघ, त्याच्या मिशीला अक्रोडाचं साल लागलंय."

इतपत सगळं मांदा आजीने चालवून घेतलं असतं. पण त्याच आठवड्यात गारोने कुलेनला हात घातला.

कुलेन म्हणजे साधा सॉसेज नव्हे. डुकराचं उत्तम मांस, लाल मिरचीची पूड आणि लसूण घालून, लहान बाळाएवढा जाड भरलेला, आणि मग महिनेच्या महिने धुरावर टांगून ठेवलेला. त्या वर्षीचा सगळ्यात मोठा कुलेन मांदा आजीने नव्या जावयासाठी बाजूला काढला होता. गारो धुराच्या माळ्यावर चढला, दोरी कुरतडली, आणि कुलेनसकट खालच्या राखेत पडला. धप्प आवाज ऐकून आजी धावत गेली तेव्हा कुलेनचं एक टोक नाहीसं झालं होतं. गारोच्या नाकातोंडातून पाणी वाहत होतं, तिखटाने तो शिंकत होता, आणि तरीही एक पंजा कुलेनवर घट्ट.

त्या दुपारी जेवायला बसल्यावर आजीने निकाल दिला.

"स्तेपानच्या दिवशी अदाम येईल. बोका त्याच्याबरोबर जाईल."

अदाम हा गिरणीवाला. त्याची गिरणी ओढ्याकाठी होती, गावापासून तासाभराच्या चालीवर. स्तेपानच्या दिवशी, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, तो दरवर्षी घसरगाडी जुंपून ब्लाझ आजोबांना भेटायला यायचा, कारण दोघांनी एकाच तुकडीत शिपाईगिरी केली होती.

"गिरणीत उंदीर आहेत," आजी म्हणाली. "त्याला काम मिळेल. इथे त्याला काम नाही म्हणून ही थेरं."

एवित्साने हातातला घास ताटात ठेवला. पण ती रडली नाही. रडलं की आजी म्हणायची, जा बाहेर, कोंबड्यांना पाणी हवंय, ते डोळ्यांतलं घाल.

"आजी, त्याने नाताळापर्यंत नीट वागून दाखवलं तर?"

"तो? नीट?"

"एकदा संधी दे ना."

मांदा आजीने चमचा ठेवला. खिडकीबाहेर अंगण पांढरं झालं होतं, कुठे हिरवं पान नव्हतं. तिने थोडा वेळ तिकडे पाहिलं.

"बरं. तू यंदा गहू पेरणार ना? नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत गारोने त्या ताटलीला तोंड लावलं नाही, तर तो राहील. लावलं, तर अदामच्या पोत्यात."

"चालेल!" एवित्सा म्हणाली. कुलेन सोडून गहू कोण खाणार, असं तिला वाटलं.

मातिया म्हणाला, "आई, हे म्हणजे जरा..."

"तू जेव."

रूझाने मान खाली घालून पाव मोडला. ब्लाझ आजोबांना खोकल्याची उबळ आली. त्या टेबलाशी जे जे नऊ वर्षांहून मोठे होते त्या सगळ्यांना ठाऊक होतं. एवित्साला ते संध्याकाळी गोठ्यात कळलं, आजोबा गाईला वैरण घालत असताना.

"आजोबा, मांजर गहू खातं?"

"दाणे नाही खात. पण कोवळी पात? बाहेर बर्फ असताना? पोरी, हिवाळ्यात हिरव्या पातीसाठी मांजर चर्चचं दार फोडेल."

"मग आजीने मला फसवलं!"

"फसवलं कसलं? तिने विचारलं, तू चालेल म्हणालीस. मीही बेचाळीस वर्षांपूर्वी असंच चालेल म्हणालो होतो."

लुत्सियाच्या दिवशी एवित्साने गहू पेरला. काहीही असो, आजीने शिकवण्यात कसूर केली नाही. पांढऱ्या ताटलीत ओल्या दाण्यांची मूठ रिकामी करून एवित्सा ते बोटाने पसरत होती आणि आजी तिच्या खांद्यावरून बघत होती.

"दाण्याला दाणा भिडू दे. दाण्यावर दाणा नको. हां. पाणी कोमट. गार घातलंस तर रुसतो, गरम घातलंस तर मरतो."

"किती पाणी?"

"त्याला तहान असेल तितकं. पोहायला नको."

ताटली स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. गारो लगेच आला, वास घेतला, आणि उदास होऊन निघून गेला. दाण्यांमध्ये त्याला काही राम दिसला नाही. पण एवित्सा आता सावध होती. पावाचं पीठ फुगायला ठेवायची गवताची टोपली तिने ताटलीवर पालथी घातली आणि टोपलीवर वीट ठेवली. दुसऱ्या दिवसापासून गारो त्या विटेवर बसू लागला. रोज कोमट पाणी घालायच्या वेळी त्याला उचलून खाली ठेवावं लागे, आणि पाणी घालून झालं की तो पुन्हा वर.

पाचव्या दिवशी एवित्साने टोपली पूर्ण उचलली आणि तिचा चेहरा पडला. गहू आला होता, चांगला बोटभर आला होता, पण मेणबत्तीच्या वातीसारखा फिकट पिवळा.

आजीने जवळ येऊन पाहिलं. "हा गहू आहे की कोंबडीची पिल्लं?"

"अगं, उजेड दाखव त्याला," रूझा म्हणाली. "उजेडाशिवाय हिरवा कसा होईल तो?"

म्हणजे टोपली ठेवली तर गहू पिवळा, आणि काढली तर गारो. एवित्साने दोघांकडे पाहिलं. गारो विटेवर बसून पंजा चाटत होता.

मग तिने पहारा लावला. रात्री ताटलीवर टोपली आणि वीट. सकाळी स्वयंपाकघरात आई असे, तेव्हा भीती नव्हती. दुपारपर्यंत एवित्सा शाळेत, आणि आई गोठ्यात किंवा कोंबड्यांकडे गेली की ताटली उघडी पडे. त्या वेळेसाठी तिने योझाला नेमलं, रोज तीन अक्रोडांवर. योझाने काम मनावर घेतलं. तो खिडकीखाली स्टुलावर बसे आणि गारोला समजावून सांगे.

"हे बघ. हे खाल्लंस तर तुला पोत्यात घालतील. पोत्यात अंधार असतो. मी एकदा आत गेलो होतो, मला माहितीय."

गारो ऐकून घेई.

दोन दिवसांत गहू हिरवा झाला. असा हिरवा की जाता येता हात फिरवावासा वाटे. मांदा आजीनेही एकदा, कोणी बघत नाही असं पाहून, तळहात फिरवला. एवित्साने दारातून ते पाहिलं आणि तिला वाटलं, जमतंय की.

बुधवारी, वीस तारखेला, गावाच्या टोकाच्या घरी पिसं सोलायला बायका जमल्या. हिवाळ्यात आमच्याकडे बायका अशा एकत्र बसून हंसाची पिसं सोलतात, उशांसाठी, आणि उशा भरता भरता अख्खं गाव सोलून काढतात. मांदा आजी आणि रूझा सकाळीच गेल्या. मातिया लाकडं आणायला रानात. योझाला मित्र बोलवायला आले, तळं गोठलं होतं, आणि योझाने आपलं काम आजोबांच्या गळ्यात घातलं. वर एक अक्रोडही देऊ केला.

आजोबांनी चुलीत लाकूड सारलं, राकियाचा, म्हणजे घरच्या कडक दारूचा, एक छोटा पेला घेतला, कारण पहारा देताना अंगात ऊब हवी, आणि बाकावर टेकले.

एवित्सा शाळेतून आली तेव्हा आजोबा घोरत होते. गारो ताटलीत बसला होता. ताटलीजवळ नव्हे, ताटलीत. अर्धा गहू मुळापर्यंत कुरतडलेला, आणि उरलेला अर्धा त्याच्या बुडाखाली चेपलेला. त्याने डोळे मिटले होते. इतकं समाधान तिने चर्चमधल्या चित्रांतल्या संतांच्या चेहऱ्यावरही पाहिलं नव्हतं.

तिने दप्तर जमिनीवर आदळलं.

आजोबांनी डोळे उघडले. "मी जागा होतो."

"तुम्ही घोरत होता."

"मी विचार करत होतो." मग त्यांची नजर खिडकीकडे गेली. "अरे देवा."

"आता त्याला नेणार, आजोबा. माझ्यामुळे. मीच चालेल म्हटलं."

आजोबांनी गारोला मानेला धरून बाजूला केलं. चेपलेली पाती हळूहळू उभी राहायला लागली, पण दुसरी बाजू न्हाव्याने तासल्यासारखी. आजोबांनी मिशी ओढली, दाराकडे पाहिलं, परत मिशी ओढली.

"शाल घे," ते म्हणाले. "लिझाकडे जाऊ."

लिझा काकू शेजारची. ती पिसं सोलायला कधीच जात नसे, कारण पिसं उडाली की ती शिंकत सुटायची. ती दोन नवऱ्यांची विधवा होती आणि दरवर्षी तीन ताटल्या गहू पेरायची. एक घरासाठी आणि एकेक दोघांच्या थडग्यांवर ठेवायला. तिन्ही तिच्या खिडकीत ओळीने उभ्या होत्या.

आजोबांनी सगळं सांगितलं. लिझा काकू हसून हसून चुलीला टेकली.

"ब्लाझ, तू मांदाला अजून घाबरतोस?"

"अजून म्हणजे? आता तर कुठे नीट घाबरायला लागलोय. देणार आहेस का एक?"

"घरचा देणार नाही. आणि माझ्या पहिल्याचा मागूच नकोस, तो देवमाणूस होता." तिने निळ्या काठाची ताटली उचलून एवित्साच्या हातात दिली. "दुसऱ्याचा घे. त्याला जिवंत असतानाही कशाची पडलेली नव्हती."

घरी येऊन आजोबांनी सुरीची पात कडेने फिरवली. गव्हाची मुळं एकमेकांत गुंतून त्याची धिरड्यासारखी चकती होते. ती अखंड उचलून निघते. लिझा काकूचा गहू एवित्साच्या पांढऱ्या ताटलीत गेला. कुरतडलेली चकती निळ्या काठाच्या ताटलीत घालून गोठ्याच्या उंच खिडकीत ठेवली. गोठ्यात गारो पाऊल टाकत नसे, कारण गाईने एकदा त्याला लाथेने उडवलं होतं.

संध्याकाळी मांदा आजी आली. केसांत पिसं, जिभेवर गावच्या बातम्या. शाल काढता काढता ती खिडकीपाशी थांबली.

"चांगला वाढला की. सकाळपेक्षा."

"उजेड मिळाला," आजोबा चुलीकडे बघत म्हणाले.

"हो का," आजी म्हणाली, आणि शाल खुंटीला लावली.

गारोचा जीव वाचला होता. एवित्साला आनंद व्हायला हवा होता, आणि पहिल्या दिवशी झालाही. दुसऱ्या दिवशी गोठ्यातल्या चकतीला कोमट पाणी घालताना तिला ते शब्द आठवले, आणि ती तशीच भांडं धरून उभी राहिली.

"आजोबा, टेबलावर मी काय म्हणू? 'हा माझ्या हातचा' म्हणायचं असतं. तो तर लिझा काकूच्या हातचा आहे."

"हात तर हात. तिलाही पाच बोटं आहेत."

"आजोबा!"

"बरं, मग ते शब्द आले की खोक जरा. मी पण खोकतो."

तिने गाईसमोर म्हणून पाहिलं. "हा माझ्या" इथपर्यंत यायचं. पुढचं येईना. गाय रवंथ थांबवून तिच्याकडे बघे. मुळापर्यंत खाल्लेल्या बाजूला मात्र नवे कोंब फुटायला लागले होते, नखाएवढे. हे तिचे होते. तिने दाण्याला दाणा भिडवला होता.

आणि गारो? त्या चार दिवसांत त्याच्यासारखा सद्गुणी प्राणी गावात नव्हता. पिठावर बसला नाही, बुटात शिरला नाही. खिडकीतल्या गव्हाकडे ढुंकून पाहिलं नाही. पोट भरलं होतं त्याचं. मांदा आजीने मासा साफ करताना त्याच्यापुढे डोकं टाकलं. "काय रे, सुधारलास?" ती म्हणाली. एवित्सा उठून बाहेर गेली.

रविवारी चोवीस तारीख आली. दिवसभर उपास, आणि रात्रीच्या जेवणातही मांस नाही. तेलातला घेवडा, तळ्यातला मासा, खसखशीचे आणि अक्रोडाचे गुंडाळीचे पाव, आणि योझाचं दर अर्ध्या तासाला "आता जेवायचं?" दिवस कलला तसा मातिया अंगणातून पेंढ्याचा भारा घेऊन आत आला, दारात उभं राहून सगळ्यांना शुभ बोलला, आणि पेंढा टेबलाखाली पसरला. योझा लगेच पेंढ्यात शिरून कोंबडीसारखा क्लुक क्लुक करू लागला. ते काम घरातल्या लहानाचंच असतं. त्याने वर्षभर कोंबड्या अंडी देतात.

सगळे बसले. खिडकीत लाल फीत बांधलेला गहू हिरवागार उभा होता, मधे मेणबत्ती.

"आण आता," मांदा आजी म्हणाली.

एवित्सा उठली. आजोबांनी खोकून घसा तयार केला. ती खिडकीपाशी गेली, फीत सोडली, मेणबत्ती काढून घेतली, आणि गव्हाला हात न लावता दार उघडून बाहेर गेली.

"कुठे चालली ही?" मातिया म्हणाला. "दार तरी लाव!"

ती परत आली तेव्हा तिच्या हातात निळ्या काठाची ताटली होती. अर्धी हिरवी, अर्धी खुरटलेली, आणि वर गोठ्याचा वास. तिने ती मांदा आजीसमोर धरली. 

"हा माझ्या हातचा. अर्धा गारोने खाल्ला. खिडकीतला लिझा काकूचा आहे."

टेबलाखालची कोंबडी गप्प झाली.

"मी झोपलो होतो," आजोबा म्हणाले. "पोरीची चूक नाही."

"मला माहितीय," मांदा आजी म्हणाली.

"काय माहितीय?"

"सगळं. लिझाच्या गव्हात दरवर्षी जवाचे दाणे असतात. ती नीट निवडत नाही. जवाची पात रुंद असते, ब्लाझ. बुधवारी शाल काढायच्या आधीच मला दिसलं."

"आणि चार दिवस तू गप्प बसलीस?"

"मला बघायचं होतं ही टेबलाशी काय आणते."

तिने ताटली एवित्साच्या हातातून घेतली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. फीत बांधली. मेणबत्ती रोवली तर ती टकल्या बाजूला कलायला लागली, म्हणून रूझाने तिला पावाच्या तुकड्याचा टेकू दिला. मातियाने ती पेटवली. प्रार्थना झाली.

"काय म्हणतो गहू, आई?" मातियाने विचारलं. हे दरवर्षी विचारायचं असतं.

आजीने ताटली फिरवून पाहिली. "अर्धं वर्ष बरं जाईल. उरलेल्याचं मांजराला विचारा."

सगळे हसले, योझा तर पेंढ्यात लोळला. एवित्साही हसली, आणि हसता हसता तिने विचारलं, "म्हणजे गारो राहील?"

"नाही."

"आई," रूझा म्हणाली, "नाताळ आहे."

"म्हणूनच. पोरीने सगळ्यांसमोर आपला शब्द राखला. मी माझा मोडू? मग तिच्या शब्दाला उद्या या घरात काय किंमत?" आजीने माशाचा मधला तुकडा, एकही काटा नसलेला, एवित्साच्या ताटात वाढला. "खा."

एवित्साने तो खाल्ला नाही. आजीनेही आग्रह केला नाही.

त्या काळी कम्युनिस्ट राजवट होती, नाताळला शाळेला सुट्टी नसे. सोमवारी एवित्सा शाळेत जाताना लिझा काकूचा गहू तिला देऊन आली, जुन्या तव्यात घालून. "परत आला?" लिझा काकू म्हणाली. "नशीबच आहे बाई माझ्या दुसऱ्याचं. जन्मभर उसनी घेतलेली वस्तू त्याने एकदाही परत केली नाही, आणि आता बघ."

मंगळवारी अदाम आला. राकिया झाली, शिपाईगिरीच्या त्याच त्या गोष्टी झाल्या. निघताना मांदा आजीने स्वतः पोतं आणलं. गारोला तिने स्वतः आत घातलं, आत चरबीची पापडी टाकली, तोंड सैल बांधलं आणि म्हणाली, "अदाम, कुत्र्यापासून जप. हा कुत्र्यांना भीत नाही, मूर्ख आहे." एवित्सा फाटकाशी उभी राहिली. घसरगाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती उभीच होती, मग कोंबड्यांच्या खुराड्यामागे जाऊन मनसोक्त रडली. आजी स्वयंपाकघराच्या दारात आली होती. ती परत आत गेली.

मग घर शांत झालं. पीठ फडक्याखाली निवांत फुगत होतं. पाव गुळगुळीत निघत होते, आणि मातिया सुरी हातात धरून म्हणायचा, "आता कुठून कापू?" मांदा आजी सगळ्यांवर खेकसायला लागली. रूझाने चूल नीट पेटवली नाही, योझा फार जोरात चालतो, आजोबांच्या पाइपला वास येतो. पाइप चाळीस वर्षं तोच होता.

"तुझं काय बिनसलंय, मांदा?" आजोबांनी विचारलं.

"माझं? माझं काही नाही. उंदीर बघ किती झालेत."

"मी एकही पाहिला नाही."

"तू काय पाहणार! तू विचार करत असतोस."

शनिवारी सकाळी ती चांगली काळी शाल आणि चर्चला जायचे बूट घालून स्वयंपाकघरात आली.

"पीठ संपलंय," ती म्हणाली. "गिरणीवर जाऊन येते."

रूझाने पिठाच्या पेटीचं झाकण उचललं. पेटी काठोकाठ भरलेली होती. तिने झाकण अलगद लावलं.

"हो आई. संपलंय खरं."

"घोडा जुंपतो की," मातिया म्हणाला.

"मला पाय आहेत."

आणि ती एकटी, बर्फातून, तासाभराच्या वाटेला लागली. एवित्साने खिडकीची काच पुसली आणि ती आकृती लहान होईपर्यंत पाहत राहिली. तिला काहीतरी वाटत होतं, पण ते वाटू द्यायची तिची हिंमत नव्हती. दुपारी ती तीनदा फाटकापर्यंत जाऊन आली. चौथ्यांदा गेली तेव्हा वाटेवर शाल दिसली. आजीच्या पाठीवर पिठाची पिशवी नव्हती. शालीचा पुढचा भाग मात्र फुगला होता, आणि तो आपोआप हलत होता.

आजी आत आली आणि शाल सैल केली. खाली उतरला तो पांढरा बोका. कानापासून शेपटीपर्यंत पीठ. त्याने एकदा अंग झाडलं, स्वयंपाकघरात ढग उठला, आणि तो तडक भट्टीच्या तोंडाशी जाऊन आडवा झाला.

"आजी, पीठ कुठाय?" योझाने विचारलं.

"अदामकडचंही संपलंय."

आजोबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांचे खांदे हलत होते.

एवित्सा भट्टीपाशी बसली. तिने गारोच्या पाठीवर हात ठेवला, पण लगेच काढून घेतला आणि आजीकडे पाहिलं. "पण आजी, तुझा शब्द?"

मांदा आजी बाकावर बसून बुटांचे बंद सोडत होती. बोटं गारठली होती, गाठ सुटत नव्हती.

"मी म्हटलं होतं तो गिरणीत जाईल. गेला. चार रात्री राहिला. त्याला परत आणणार नाही असं मी कोणाला म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. तुला आठवतं?"

"नाही," एवित्सा म्हणाली.

"मग ये आणि हे बूट ओढ. आणि त्याला झटक बाहेर नेऊन, माझी चूल पांढरी केली मेल्याने."

मांदा आजी एकोणीसशे सदुसष्टच्या मार्चमध्ये गेली, छातीच्या दुखण्याने. ब्लाझ आजोबा पुढच्याच वर्षी जानेवारीत गेले. गारो तेरा वर्षं जगला. तो एकोणीसशे बाहत्तरच्या जूनमध्ये मेला, मळणी सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात.